सावली खाली सरकवली

"तू पायरीव थांब. तुझ्या वाडीचा मान तिथवरच."

गावकार असं म्हणाला. गावकार म्हणजे आमच्याकडं देवळातला पहिला मानकरी. माझ्या हातात लॅपटॉप होता आणि त्यात मी आखलेली पवनचक्की होती. तिची पाती माझी. त्यांचा बाक, पीळ, जाडी, सगळं मी ठरवलेलं. कंपनीनं ती लांज्याच्या अलीकडच्या आमच्याच सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, उभी करायचं ठरवलं आणि साहेब मला मुद्दाम घेऊन आले. म्हणाले, "तुझं गाव आहे, तुला भाषा येते."

भाषा येत होती, म्हणून तर सगळं कळलं.

साहेब पुण्याचे. ते चपला काढून सभामंडपात गेलेही होते. मागं वळून म्हणाले, "अरे, त्यांचा रिवाज आहे. घे ना जरा सांभाळून." माझ्या हातातला लॅपटॉप त्यांनी घेतला आणि वर नेला. मी पायरीवर उभा. आत माझ्या पात्यांवर बोलणं चाललं होतं आणि काही अडलं की साहेब बाहेर तोंड करून विचारायचे. मी पायरीवरून ओरडून सांगायचो. हुशार म्हणून शाळेत बक्षीस घेतलेला मी.

गावकाराचं एकच म्हणणं होतं. संध्याकाळची सावली देवळावर पडता कामा नये. "देवावं सावली चालत न्हाय. चक्की खाली सरकवा."

साहेबांनी विचारलं, "खाली काय आहे?"

"खाली? खाली काय न्हाय."

खाली आमची वाडी आहे. खाली माझी आय राहते.

साहेबांनी लॅपटॉप पायरीपर्यंत आणून दिला. "सरकव रे." आणि मी सरकवली. कुणी माझा हात धरला नव्हता. बोटानं ओढली आणि खाली सोडली. सावली देवळावरून उतरली. कुठं गेली ते स्क्रीनवर दिसेना, कारण आमच्या वाडीचं एकही घर त्या नकाशात घातलेलंच नव्हतं. पुण्याच्या माणसाला वाटतं, गाव म्हणजे एका जागी घरं. त्यांनी देवळापाशी एक ठिपका दिला आणि खाली लिहिलं, गाव. आमच्याकडं गाव म्हणजे देऊळ आणि मानकऱ्यांची घरं. बाकी सगळ्या वाड्या. हे मला जन्मापासून ठाऊक. मी बोललो नाही. एकेकाळी आमच्या माणसांची सावली त्यांच्यावर पडली तर बाटायचे म्हणे. आता त्यांच्या देवाला नको असलेली सावली मी आमच्याच घरांवर नेऊन टाकली.

लॉजवर जाऊन मी नकाशात घरं घातली. एकेक आठवून घातली. सूर्य कलला की फिरत्या पात्यांची सावली थेट आमच्या पश्चिमेच्या खिडकीत. ती खिडकी मीच करवून घेतली होती, आयला वारा लागावा म्हणून.

सकाळी घरी गेलो. आय भाकरी थापत होती. म्हणाली, "घाटावरनं आलेली बाई सांगत व्हती, चक्कीच्या सावलीनं घरात सारखा काळोख-उजेड, काळोख-उजेड व्हतो. डोका फिरतो मानसाचा. खरा काय रे? आपल्याव पडंल काय?"

"न्हाय पडायची," मी म्हटलं.

का म्हटलं? पायरीवर उभं केलं ते सांगावं लागलं असतं. सरकवली कुणी तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली मला. आयसमोर मला अजून साहेबच राहायचं होतं.

वाडीतली माणसं हरकत घ्यायला विहाराच्या ओटीवर जमली होती. आय पिठाच्या हातानंच तिकडं गेली. "माझ्या पोरान् सांगितलान, न्हाय पडायची." तेवढं पुरलं. माणसं उठली, घरी गेली. कुणी एकानं जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून भाजते.

दुपारी सड्यावर जागेला मंजुरी द्यायला तालुक्याचे अधिकारी आले. त्यांनी विचारलं, "खालच्या वाडीचं काही म्हणणं?"

गावकार हसला. "त्यांचा मानूस तर कंपनीतच हाय."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा डिझाइन इंजिनीअरच तिथला आहे. आराखड्यावर त्याची सही आहे. आणखी काय पाहिजे?"

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. मला भाषेसाठी आणलं नव्हतं. माझी जात इथं चालत नव्हती, पण माझी सही चालत होती.

मी खांद्यावरचा हात काढला. "सावली पडते. माझ्या आयच्या घरावर पडते, सगळ्या वाडीवर पडते. मी मोजलीय. सही अजून केलेली नाही."

साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "हे आत्ता? इथे?"

"इथेच."

अधिकाऱ्यांनी काम थांबवलं. जागा पुन्हा बघू म्हणाले. शूर म्हणून माझी पाठ कुणी थोपटू नये. आदल्या दिवशी पायरीवर हेच बोलायला हवं होतं, तेव्हा तोंडात मूग धरून बसलो.

आयला खरं सांगितलं. तिनं ताट पुढं सरकवलं नाही. म्हणाली, "माझ्या तोंडान् वाडीला खोटा सांगायला लावलंस. आता तूच जा नि सांग. मी न्हाय येनार."

गेलो. ओटीवर उभा राहून सांगितलं की मी खोटं बोललो, चक्की मीच सरकवली. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारा उठून निघून गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

साहेब म्हणतात, राजीनामा दे, तुलाच बरं पडेल. देणार नाही. मी गेलो तर माझ्या जागी येणारा निमूट सही करील. पाती माझी आहेत. ज्या घरांना नकाशात जागा नाही, त्या घरांवर मी ती फिरू देणार नाही.