आजोबांचा स्कोर

पोरींनो,

रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, आजोबांचा स्कोर शेवटी किती झाला? फोटो पाठव ना." मी म्हटलं, पाठवते. आज शुक्रवार. फोटो पाठवता येणार नाही. का, ते सांगायचं आहे, पण फोनवर आजोबांचं काही सांगायला लागले की तुमचे बाबा मध्येच म्हणतात, "आई, जाऊ दे ना," आणि गोष्ट तिथेच थांबते. म्हणून लिहिते आहे. थोरलीने धाकटीला वाचून दाखवावं.

तो गेम तुम्ही मागच्या खेपेला आमच्या हुडको कॉलनीतल्या घरी विसरून गेलात. तळहाताएवढा, करड्या पडद्याचा, मागे दोन पेन्सिल सेल. वरून शत्रूच्या यानांच्या रांगा डावी-उजवीकडे सरकत एकेक पायरी खाली येतात. खाली आपली एकच तोफ आणि आडोशाला चार भिंती. तुमचे बाबा बघून हसले होते. त्यांच्या लहानपणी जत्रेत कपाटाएवढ्या पेटीत अगदी हेच होतं, म्हणाले. ते स्टुलावर उभे राहून खेळायचे. डब्यातला माहितीचा कागद मी भोकं पाडून फ्रिज-मिक्सरच्या कागदांच्या फाइलीत लावला. वाचला नाही.

तुम्ही गेल्यावर आठवडाभराने आजोबांनी तो हातात घेतला. स्टील प्लांटमध्ये सारी उमर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेली, बोटं जाड. दोन्ही बटणं एकदमच दाबली जायची. पहिले काही दिवस तर पहिली रांगही फुटली नाही. पण जेवण झालं की व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचेच. आतल्या खोलीत मला तो टुक-टुक आवाज यायचा. यानं कमी होत गेली की जलद होत जाणारा.

"शेवटचं एक राह्यलं ना, तेच सगळ्यात जोरात पळते," त्यांनी मला सांगितलं, प्लांटमधली खबर सांगावी तसं.

"मग त्याला आधी मारा."

"वा! मोठी आली इंजिनीअर!"

थोरलीचा अठरा हजारांचा आकडा त्यांना मोडायचा होता. फोनवर मात्र विचारलं की म्हणायचे, "छे, आपल्याले कुठं जमते." तुम्हाला ते खरं वाटायचं.

एका दुपारी पाहते तर स्टुलावर गेम पालथा, मागचं झाकण उघडं, आणि हे चष्मा नाकावर ओढून दोन तारा चिमटीत धरून बसलेले. बाजूला ठेवलेल्या जादा सेलच्या तारा आधी आत टेकवल्या, मग जुने सेल एकेक करून काढले, नवे घातले आणि मग तारा सोडल्या. श्वास रोखून. मला हसू आलं.

"हार्टचं ऑपरेशन चाललंय का?"

"कावून हसून राहिली? चालू लाइनवर काम हाय. लाइन तुटली नाही पाह्यजे."

मी विचारलं नाही, तुटली तर काय होतं. झाकण लावून त्यावर त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावली आणि लाल पेनने लिहिलं: चालू लाइन. आमच्या घरात अशा पट्ट्या मीटरवर, गीझरवर, पाण्याच्या मोटरवर, सगळीकडे. प्लांटची सवय. मी त्या वाचणं कधीच सोडून दिलं होतं.

मग एक दिवस व्हरांड्यातून ओरडले, "झालं! पोरीले हरवलं! ये, पाहून घे!"

मी आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होते. म्हटलं, "येते, एवढं होऊ द्या." बुधवारपर्यंतचे खण भरले होते. रविवारपर्यंत भरून गेले तर गेम बंद करून ते चहाची वाट पाहत बसलेले.

"किती झाला?"

"आता नाही. पोरी आल्या का दाखवतो. फोनवर काही सांगशील नको."

मीही आग्रह केला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. तुमच्या परीक्षा होत्या, बाबा एकटे आले आणि तेरावं करून परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घर आवरायला घेतलं. दुसरं काही सुचत नव्हतं. जी वस्तू वापरात नाही तिचे सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरतात आणि वस्तू खराब होते, हा माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. बॅटरीचे काढले, भिंतीवरच्या जादा घड्याळाचे काढले, गेमचे काढले. पट्टीचा चिकटा राहिला होता तो स्पिरिटने पुसला. गेम मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. फार नीट ठेवला.

पावसाळा संपल्यावर बोरसीहून त्यांचे मित्र आले. दोघं प्लांटमध्ये एकाच शॉपला, म्हणजे एकाच विभागात होते. चहा घेताना म्हणाले, "वहिनी, तो पोरीचा गेम दाखवा ना. नुसता हवा करून गेला, आकडा काही सांगितला नाही."

मी आणून दिला. त्यांनी उलटा केला, झाकणावर अंगठा फिरवला.

"पट्टी कोनं काढली?"

"मी. सेलही काढून ठेवलेत. पाझरतात ना."

त्यांनी गेम मांडीवर ठेवला. चहा संपवला. मग हळूच म्हणाले, "यात आकडा सेलवरच राह्यते, वहिनी. म्हणून तर तो तारा लावत होता."

मी सेल आणून घातले. टुक-टुक सुरू झालं, आणि वरच्या कोपऱ्यात सगळी शून्यं. मित्र परतल्यावर मी फाइल काढली. कागदावर तळाशी लिहिलेलं होतं: सेल काढल्यास नोंद पुसली जाईल. तो कागद माझ्याच हाताने लावलेला होता.

हे मी तुमच्या बाबांना सांगितलं नाही. तुम्हाला तरी का सांगावं, असं बरेच महिने वाटत राहिलं. वीस हजार म्हटलं असतं तरी तुम्ही मान्य केलं असतं. पण तो आकडा माझा झाला असता, त्यांचा नाही. त्यांचा मला विचारता आला असता, नुसतं उठून बघता आला असता. त्या डबीत चार खण भरायचे राहिले होते, एवढंच.

आता दुपारी जेवून मी त्याच खुर्चीत बसते. घरात दुसरा आवाज नसतो. कधी गेम लावते, कधी नाही. तिसऱ्या रांगेपुढे मला जमत नाही.

तर थोरले, फोटो नाही. तुझा स्कोर त्यांनी मोडला होता, हे खरं. मी ऐकलं आहे आणि बोरसीच्या काकांनाही ते सांगून गेले. कितीने मोडला, ते कोणालाच माहीत नाही. गेम चालतो. डावं बटण थोडं दबून बसलं आहे, त्यावरचा बाण पुसून गेला आहे. सेल आतच आहेत.