जाड पायांची अक्षरं

"अक्षराला पाय पायजेत रं," असं म्हणून अण्णा चपलेतला पाय जमिनीवर आपटायचे. "पाय न्हाईत ते पाटीवर उभं ऱ्हायचं कसं?"

तुम्ही निपाणीला कधी आला असाल, तर पाट्या रंगवणाऱ्या अण्णांची इंग्रजी अक्षरं तुम्ही पाहिलेली आहेत. तंबाखूच्या वखारींवर, लेथच्या कारखान्यांवर, पार बोरगाव-सदलग्यापर्यंत. काऊबॉयच्या सिनेमात गुत्त्याच्या पाटीवर असतात तसली, जाड अंगाची, खाली-वर चौकोनी ठोकळे लावलेली. अण्णांनी तसला सिनेमा पाहिला नव्हता. तंबाखूच्या जुन्या खोक्यांवरच्या छापावरून त्यांनी ती उचलली आणि चाळीस वर्षं घोटून आपली केली.

माझं फ्लेक्सचं दुकान. म्हणजे पेंटर अण्णांचा धंदा बुडवला तो माझ्यासारख्यांनीच. तरी दुपारच्या चहाला ते माझ्याकडेच यायचे. स्क्रीनकडे बघून, तुझी समदी अक्षरं बसल्यात, असं म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे.

बाकीचे पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपलं नाव घालत. अण्णांनी कधी घातलं नाही. यावरून मी त्यांच्याशी कितीदा भांडलो असेन.

"पाटी मालकाची," ते म्हणायचे. "तिच्यावर आपलं नाव घालाय आपुन कोण?"

या सभ्यपणाचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

मग पुण्याहून एक डिझायनर आला. त्याला अण्णांच्या घरी मीच नेलं, हे आधीच सांगून टाकतो. तीन दिवस तो अण्णांकडे जेवला. जाताना त्यानं खाके मागितले, फोटो काढून परत पाठवतो म्हणाला. खाका म्हणजे कागदावर अक्षर काढून त्याच्या कडेनं सुईनं पाडलेली भोकं. कागद पाटीवर धरून कोळशाची पूड आपटली की अक्षर खाली उमटतं. अण्णांचं आयुष्य त्या गुंडाळीत होतं. मी डोळ्यांनी नको नको म्हणून खुणावलं. अण्णांनी गुंडाळी वर्तमानपत्रात नीट बांधली आणि त्याच्या हातात दिली. पाव्हण्याला न्हाय कसं म्हणायचं, असं नंतर मलाच विचारलं.

खाके परत आले नाहीत. त्यानं फोन उचलणंही सोडलं.

दोन वर्षांनी चिकोडीचा एक हॉटेलवाला माझ्याकडे आला. मोबाईलवर एक नवा फॉन्ट दाखवून म्हणाला, बोर्डाला हेच अक्षर पाहिजे. मी एकेक अक्षर मोठं करून पाहिलं. त्यातल्या 'आर'चा उजवा पाय आखूड होता. अण्णांचा पहिला खाका तिथंच फाटला होता आणि तेव्हापासून ते तो पाय तसाच काढत. चोरानं फाटका कागदसुद्धा सोडला नव्हता. फॉन्टच्या माहितीत त्याचं नाव ठळक, आणि खाली बारीक ओळ: सीमाभागातल्या अज्ञात लोककलाकारांपासून प्रेरित. तीन दिवस ज्याच्या घरी भाकरी मोडल्या, तो अज्ञात?

दुसऱ्या नंबरवरून त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"एखाद्या पाटीवर त्यांची सही आहे का?" त्यानं विचारलं.

मी फोन ठेवला.

अण्णांना फॉन्ट दाखवला. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ एकेक अक्षर पाहून ते म्हणाले, "माझं कागुद तेवढं मागून घे." त्यानंतर ते चहाला आले नाहीत.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. त्यांचा पुतण्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आला आणि म्हणाला, इंग्रजी नाव अण्णांच्याच अक्षरात घाला. खाके नव्हतेच. मी दात-ओठ खात तो फॉन्ट उघडला. स्क्रीनवर सूचना आली: वापरण्यापूर्वी निर्मात्याची परवानगी घ्यावी.

निर्माता शेजारच्या चौकटीत होता, हार घातलेल्या फोटोत. मी 'परवानगी घेतली आहे' यावर क्लिक केलं आणि नाव टाइप केलं.