स्वारगेटपर्यंतचे फोटो

अकोल्याहून निघताना मी बायकोला सांगितलं होतं, परत येईन तो मृणालला घेऊनच. मृणाल आमची मुलगी. शाळेत असल्यापासून तिची नजर उतरत गेली आणि आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. या वर्षी तिला पुण्यात नोकरी लागली, स्वारगेटजवळच्या एका कचेरीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची. राहायला सदाशिव पेठेत खोली. रोज सोबत चालणारी मैत्रीण आता नागपूरला बदलून गेली होती, आणि मृणाल म्हणत होती की मी एकटी जाईन.

"काहून (का) हट्ट करते?" मी फोनवर विचारलं होतं. त्यावर तिनं अटच घातली. मी पुण्याला यायचं, खोलीपासून कचेरीपर्यंतच्या अडचणींचे फोटो काढायचे, ते ती नकाशावर बसवेल आणि चालताना तिचा फोन तिला बोलून सावध करेल. जमलं तर ती राहणार. नाही जमलं तर माझ्याबरोबर परत.

माझ्या फोनचा कॅमेरा फुटलेला, म्हणून मी जुना डिजिटल कॅमेरा घेतला. तो बरेच दिवस बंद होता. गाडीत नवे सेल घातल्यावर त्यानं तारीख-वेळ विचारली. मी मनगटावर बघून भरली आणि झोपलो.

पुणे स्टेशनवर सकाळी थंडी होती. रिक्षावाल्याला पत्ता दाखवून विचारलं, "सापडेल ना?"

"पत्ता सापडेल हो. गाडी उभी करायला जागा सापडते का बघू."

खरंच नाही सापडली. गल्लीच्या तोंडाशीच उतरलो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना स्कूटर, वर अभ्यासिकांच्या पाट्या. मृणाल पांढरी काठी घेऊन दारात उभी होती. मी आत पाऊल टाकण्याआधीच म्हणाली, "बाबा, चपलेचा अंगठा शिवून घ्या. फटफट वाजतोय."

चहा झाल्यावर तिनं मला काम समजावलं. कॅमेऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही, फोनला कळतं. उपग्रहांकडून जागा घेऊन फोन चालण्याची वाट वेळेसकट नोंदवत राहतो. नंतर संगणक फोटोवरची वेळ बघतो, त्या वेळेला फोन कुठे होता ते शोधतो आणि फोटो तिथे चिकटवतो.

फोन खिशात ठेवून मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण अर्धं उघडं. तो पहिला फोटो. टिळक रस्त्यावर फूटपाथ बराचसा चांगला, पण मध्येच एखादी फरशी उचकटलेली, कुठे विजेची पेटी आडवी आलेली. एका खड्ड्यावर वाकलो असताना पिशवी घेतलेले एक गृहस्थ थांबले.

"खड्ड्याचे फोटो काढताय?"

"मुलीसाठी काढतोय."

"असं. आमची मुलगी अमेरिकेतून बर्फाचे पाठवते. चालू द्या."

उन्हं चढली तसा मी स्वारगेटला पोचलो. एसटी गाड्या, शहर बस, रिक्षा आणि माणसं, सगळी एकाच वेळी वळत होती. तिच्या कचेरीसमोरची तुटकी पायरी टिपली आणि शेजारच्या अमृततुल्यात (चहाच्या दुकानांना इथे असंच म्हणतात) बसलो. तिथे दोन चहा घेत बराच वेळ रस्ता बघितला. हा रस्ता माझ्या मुलीनं रोज एकटीनं ओलांडायचा, हे मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रत्येक फोटोत काय आहे ते नाव मी सांगितलं, तिनं लिहिलं, फोटो नकाशावर बसले आणि आम्ही चालून बघायला निघालो. मृणाल पुढे, मी मागे. मी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी फोन गप्प राहिला. तिची काठी चेंबरच्या फटीत गेली आणि ती पुढे झोकांडली. मी दंड धरला. पुढे टिळक रस्त्यावर, सपाट फूटपाथवर, फोन ठणकावून म्हणाला, "सावधान, उघडं चेंबर." एकही इशारा जागेवर आला नाही. निम्म्या वाटेत ती थांबली.

"बास बाबा. दोन तिकिटं काढा."

मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. मला हायसं वाटलं.

खोलीवर ती कपड्यांच्या घड्या घालू लागली आणि मी तिकिटांसाठी तिचा संगणक उघडला. पडद्यावर नकाशा तसाच होता. शेवटचे सगळे फोटो, विजेची पेटी, झाडाचा बुंधा, तुटकी पायरी, एकावर एक त्या अमृततुल्यात रचलेले होते. फोटो काढले रस्त्यात आणि पडले चहाच्या बाकावर, म्हणजे प्रत्येक फोटोवरची वेळ पुढची होती. मी मनगटाकडे बघितलं. गाडी चुकू नये म्हणून माझं घड्याळ मी कायम दहा मिनिटं पुढे ठेवतो. कॅमेऱ्यात तीच वेळ भरली होती.

मी काही बोललो नाही. संगणक तिला नावं वाचून दाखवतो, ढीग दाखवत नाही. डबा आला, आम्ही जेवायला बसलो. बटाट्याची भाजी आणि गोड वरण. ती म्हणाली, "घरी गेल्यावर आईला आधी झणझणीत पिठलं करायला सांगते." ती हसत होती, पण पोळी पानात तशीच होती. मी हातातला घास पानात ठेवला.

"मृणाल, चूक नकाशाची नाही. माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"कधी कळलं?"

"जेवणाआधी."

"म्हणजे पोट भरेपर्यंत थांबलात."

"मला तुला घरी न्यायचं होतं."

"ते मला अकोल्यापासून ऐकू येतंय, बाबा." तिनं हात धुतला, संगणकाशी बसली, सगळ्या फोटोंच्या वेळा दहा मिनिटांनी मागे घेतल्या आणि काठी उचलली. "उठा. आणि या वेळी वीस पावलं मागे राहा."

गल्लीच्या तोंडाच्या जरा अलीकडे फोन बोलला. तिनं वेग कमी केला, काठीनं कड शोधली आणि वळसा घेतला. मागे वळून म्हणाली, "उंच इमारतींत फोनचा अंदाज चार पावलं इकडेतिकडे होतो. तेवढं काठी बघते." स्वारगेटला तिनं एका बाईंना हाक मारली, "अहो, रस्ता ओलांडताय ना?" आणि त्यांच्या कोपराला हात लावून पलीकडे गेली. मी अलीकडेच राहिलो. सिग्नल पुन्हा सुटला होता.

तिकीट मी एकच काढलं. घरी पोचलो तेव्हा बायकोनं दार उघडून माझ्या मागे बघितलं.

"कुठंय ती?"

मी फोन दिला. मृणालनं सकाळी फोटो पाठवला होता. त्यात अर्धी चप्पल, एक फरशी आणि तिच्याच बोटाची सावली. सोबत नकाशावरची जागा, कचेरीचं फाटक. बायकोनं फोन डोळ्यांजवळ धरून ती चप्पल बघितली. मग म्हणाली, "एकटी गेली?"

"एकटी."

घड्याळाची चूक मी तिला त्याच दिवशी सांगितली. ती खूप हसली. जेवायला बसेपर्यंत गप्प राहिलो, ते मात्र सांगितलं नाही. ते ती आता इथेच वाचेल.