मधले तीन तारे

जयमालानं कादंबरी लिहायला अर्धी हयात घातली, आणि तिच्याच गावच्या, मेहकरच्या कुण्या एका वाचकानं तिचा निकाल दोन वाक्यांत लावून टाकला. 'बरी आहे. एकदा वाचायला हरकत नाही.' पुस्तकं विकणाऱ्या संकेतस्थळावर तेवढा एकच अभिप्राय होता, आणि त्याच्या डोक्यावर पाचांपैकी तीन तारे. नाव नव्हतं, नुसतं 'एक वाचक, मेहकर'.

एकच तारा असता तर कुणीतरी जळतंय म्हणून तिनं सोडून दिलं असतं. पाच असते तर गावभर दाखवत फिरली असती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण तीन ताऱ्यांचं माणसानं करायचं काय? धड रडता येत नाही, धड भांडता येत नाही. पाहुण्यानं ताटातली भाजी तशीच ठेवावी आणि हात धुताना 'छान झाली होती' म्हणावं, तसं ते तिच्या जिवाला लागून राहिलं. वर्गात ती पानिपत शिकवायची, आणि पोरं उतरवून घेत असताना हळूच फोन उघडून बघायची, चौथा तारा उगवला का म्हणून.

तिचा संशय सुचितावर गेला. सुचिता त्याच शाळेत मराठी शिकवायची. दोघींची मैत्री नोकरीला लागल्यापासूनची, मधल्या सुटीतला डबाही एकत्र. पुस्तक आलं तेव्हा सगळ्यांत आधी सुचितानंच विकत घेतलं होतं, पण पुढं त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. आणि पोरांच्या निबंधाखाली लाल शाईनं 'बरा आहे' लिहायची तिची सवय तर सगळ्या शाळेला ठाऊक. जयमालानं मनातल्या मनात खटला चालवला, पुरावे तपासले, शिक्षाही ठरवली. आरोपीला विचारायचं तेवढं राहिलं.

सोमवारी मधल्या सुटीत सुचितानं नेहमीसारखी ठेच्याची डबी तिच्याकडे सरकवली. जयमालानं ती परत सरकवली.

"पाठीमागं तीन तारे द्याचे अन् समोर ठेचा वाढाचा, हे मले नाही जमत, सुचिता. आवडलं नव्हतं तं तोंडावर सांगाचं होतं."

खोलीतल्या सगळ्या शिक्षकांचे घास हातातच राहिले. सुचितानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"मी काहीच देल्लं नाही."

"मेहकरात 'बरी आहे' म्हननारी दुसरी कोन हाय मंग?"

कुणीतरी उगाच खोकलं. सुचितानं डब्याला झाकण लावलं आणि उरलेली सुटी रिकाम्या वर्गात जाऊन काढली. जयमालाला फार मोकळं मोकळं वाटलं. निदान घरी येईपर्यंत तरी वाटलं.

तिचा नवरा गजेंद्र बियाण्यांचं आणि खतांचं दुकान चालवतो. संध्याकाळी जेवताना तिनं त्याला सगळं रंगवून सांगितलं. तो जेवायचा थांबला.

"तू तिले म्हटलं? सगळ्याइच्या समोर?"

"हाव. काऊन?"

त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "ते तीन मी देल्ले."

जयमालानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"अवं, आपल्या मालाले आपनच पाच देल्ले तं गिऱ्हाईक बिचकते. दुकानात मी कोनत्याच बियान्याले लई भारी म्हनत नाही. 'बरं हाय, एक बॅग लावून पाहा,' म्हनतो. म्हनून तं लोक भरोशानं नेतात. मले वाटलं, पुस्तकाचंही तसंच असन."

त्याच्यावर चिडावं तर चिडताही येईना, इतका तो मनापासून बोलत होता. आपल्या परीनं त्यानं बायकोचं पुस्तक खपवायला घेतलं होतं. जयमालाला मात्र सुचिताचा तो चेहरा आठवला आणि लाजेनं तिचे कान तापले. ताट तसंच टाकून ती उठली.

सुचिताचं घर पलीकडच्याच गल्लीत. दार सुचितानंच उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही.

"ते तीन तारे आमच्या घरूनच गेले. यायनंच देल्ले," जयमाला म्हणाली. "माह्यं चुकलं, सुचिता. उद्या सगळ्याइच्या समोर कबूल करीन."

"कर."

"तू खरंच काही देल्लं नव्हतं?"

"द्याले बसली होती. दोनच्या पुढं बोट जाऊन नाही राह्यलं. मैत्रिणीले दोन कसे द्याचे? अन् खोटे पाच मले देता येत नाही. म्हनून गप्प राह्यली."

तीन ताऱ्यांनी जिची झोप उडवली होती, तिला आता दोन ऐकावे लागले, आणि तेही अशा बाईकडून, जिच्याशी भांडायचं तोंड तिनं दुपारीच घालवलं होतं. 'तुले काय समजते,' हे शब्द अगदी ओठांवर आले. तिनं ते गिळले.

"कुठं बिघडलं?" तिनं विचारलं.

सुचितानं मान हलवली. "आज नाही सांगनार. आज माह्या मनात राग हाय. आज जे सांगीन त्यात तो मिसळन, अन् तुलेही वाटन का मी बदला घेऊन राह्यली."

जयमाला पायऱ्या उतरली. फाटकापाशी जाऊन वळली. सुचिता अजून दारातच होती.

"मंग उद्या येऊ?"

सुचितानं दार अर्धं लोटलं.

"परवा ये," ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.