पाहुण्यांना पोचवायला

न्हाणीघरात पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. बुलढाण्याला ऑपरेशन झालं आणि मी देऊळघाटच्या घरी येऊन पडले. मुलगा पुण्याहून धावत आला. आठ दिवस राहिला, आणि निघताना म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत तू एकटीनं सगळं करायला लागलीस तर ठीक. नाहीतर मी गाडी घेऊन येतो. मग हे घर बंद."

त्याचं काही चुकत नव्हतं. फ्लॅट चांगला, सूनही चांगली. पण माझं घर म्हणजे माझा हुकूम! तो सोडून दुसऱ्याच्या घड्याळावर जेवायचं? मला जायचं नव्हतं.

आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट पोरगी स्कूटीवरून यायची. पाय कसा उचलायचा, खुर्चीतून कसं उठायचं, वॉकर धरून किती चालायचं, सगळं वहीत लिहून द्यायची. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. गृहपाठ देणं माझं काम, करणं नव्हे! "केलं का आजी?" तिनं विचारलं की मी बिनधास्त थाप मारायचे, "हाव, केलं."

खरं कारण वेगळंच होतं. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की सारं गाव भेटायला येतं, आणि आजारी माणसाला मग आजारीच दिसावं लागतं. लोक केळी घेऊन आलेत आणि पेशंट अंगणात फिरतोय, हे बरं दिसतं का? म्हणतील, नाटकं करून राह्यली होती. म्हणून फाटक वाजलं की मी झटकन पलंगावर आडवी, पांघरूण गळ्यापर्यंत. समोर बसून एकेक जण सांगणार, "बाई, हलू नका बरं. आमची मावससासू अशीच पडली होती, मंग उठलीच नाही." वर शेजारणीनं करून दिलेला चहा पिऊन जाणार! महिना असा गेला. पाय लाकडासारखा झाला. एकदा मोरीपर्यंत जाताना मधेच भिंत धरून उभी राहिले आणि ढसाढसा रडले.

त्याच दिवशी ती पोरगी आली. मी सगळं खरं सांगून टाकलं. तिनं कपाळाला हात लावला, मग हसायलाच लागली.

"रोज किती जण येतात?"

"सात-आठ तरी."

"मंग झालं की! पाहुण्याले फाटकापर्यंत पोचवायची रीत आहे नं आपली? पोचवत जा."

घ्या! आता रीत कशी मोडणार? दुसऱ्या दिवसापासून जो उठेल त्याच्यामागे मी वॉकर घेऊन निघाले. "अहो बाई, काऊन उठता?" "अशी कशी जाऊ देईन तुम्हाले? चला." ओसरीच्या दोन पायऱ्या, अंगण, फाटक, आणि परत. पहिल्या दिवशी तीन पाहुण्यांतच जीव मेटाकुटीला आला. पंधरा दिवसांनी मात्र आठवा पाहुणा निघाला तेव्हा वाटलं, अजून कोणी यावं. पुढे गर्दी ओसरली, तर मीच रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारून चहाला बोलावू लागले. वहीतला व्यायामही खराखुरा करायला लागले, चिडचिड करत का होईना. वॉकर गेला, काठी आली.

धनतेरसच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला, तेव्हा मी बाजारात मेथीची जुडी निवडत होते.

"आई, दाराला कुलूप! दवाखान्यात नेलं का तुला?"

"कोण नेतं रे मले? बाजारात आहो. चालत आली. थांब तिथंच."

घरी पोचले तर तो ओसरीवर बसलेला. मी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. तो पिशवी घ्यायला धावला, मी दिली नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि मला आनंद मावत नव्हता, खोटं कशाला बोलू!

मागोमाग आत येत तो म्हणाला, "म्हणजे गाडी रिकामीच न्यायची."

"रिकामी काऊन? परसातली वांगी घेऊन जा. आज सकाळी मीच वाकून तोडली."