फॉर्मवर नसलेला नवरा

अल क्वोजमध्ये पत्र्याचे एसी डक्ट बनवण्याचं माझं वर्कशॉप आहे. वीस वर्षं भाव करण्यात गेली. समोरच्याला आपली गरज आहे असं दिसलं की तोंड मिटून बसायचं, एवढं मला कळतं. म्हणून दोन वर्षांपासून मुलीला घेऊन अल ऐनला वेगळी राहणाऱ्या बायकोचा मेसेज आला, "टॅक्स रिटर्न भरायचंय, तुझ्या पासपोर्टची कॉपी पाठव," तेव्हा मी उत्तरच दिलं नाही.

तिचा जन्म अमेरिकेतला. इथे आखातात पगारावर टॅक्स नाही, तरी बाईसाहेबांना दरवर्षी तिकडे रिटर्न भरावं लागतं. माझा अकाउंटंट म्हणाला, नवरा-बायकोने एकत्र भरलं तर कधीकधी फायदा होतो, पण दोघांच्या सह्या लागतात. सही! घटस्फोट झालेला नाही, म्हणजे नवरा मीच. आणि मला मुलगी हवी होती, दर शनिवार-रविवार, मुक्कामाला. सध्या भेट म्हणजे महिन्यातून एकदा मॉलमध्ये चार तास, ही काय भीक आहे?

चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"सही देतो," मी म्हणालो. "माझा सगळा धंदा तुझ्या अमेरिकेला उघडा करून दाखवतो. पण पोरगी दर वीकेंडला माझ्याकडे."

"सही मागितली कोणी? मी हेड ऑफ हाऊसहोल्ड म्हणून भरतेय."

"म्हणजे?"

"कुटुंबप्रमुख. मुलगी माझ्याकडे राहते, घर मी चालवते. नवरा अमेरिकन नसला, तिकडे राहत नसला, तर रिटर्नपुरतं मला अविवाहित धरतात. कॉपी फक्त फाइलला हवीय."

"अविवाहित? आणि पोरीच्या शाळेची फी कोण भरतं?"

"फी घरखर्चात धरत नाहीत. नियम मी नाही केला."

मी फोन बंद केला आणि दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसलो. गावी रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आहे, आणि इथे मी हिशेबातही नाही!

संध्याकाळी कॉपी पाठवली. खाली लिहिलं, 'वीकेंडला पाठवशील का तिला?' बदल्यात काही न देता मी आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ते वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा जाऊ दिलं.

फोन मुलीचाच आला. "बाबा, ओके. बट नॉट एव्हरी वीक. आय हॅव स्विमिंग."

"एकाआड एक. डील?"

"बाबा! इट्स नॉट अ डील."

हे तिच्या आईचं वाक्य. तरी शनिवारी सकाळीच मी तिला आणायला अल ऐनच्या रस्त्याला लागलो आणि सबंध वाट त्या फॉर्मला शिव्या घालत गेलो.