आयोनीचे आठ आठवडे

केस सरळ करून घ्यायचे तर मिस आयोनीकडे, हे मे पेन गावात बावीस वर्षं ठरलेलं होतं. तिच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या, एक बेसिन आणि तिचं तोंड. तोंड आधी चालायचं, हात नंतर. "मागचं क्रीम कधी लावलंस? या आठवड्यात डोकं खाजवलंस का?" खोटं बोलणारीला ती खुर्चीतून उठवायची, मग ती पाद्र्याची बायको का असेना. आणि बरोबरच होतं तिचं. केस सरळ करणारं ते क्रीम म्हणजे काही खोबरेल तेल नव्हे, खाजवलेली कातडी भाजून काढणारं औषध. आठ आठवड्यांत मुळाशी जेवढे नवे कुरळे केस उगवतात, तेवढ्यांनाच लावायचं. आधीच सरळ केलेल्यांना थेंबही लागू द्यायचा नाही, नाहीतर ते जळून तुटतात. कपाळाच्या कडेला, कानामागे व्हॅसलीनचा जाड थर. धुताना फेस गुलाबी आला तर क्रीम अजून आत आहे, पांढरा येईपर्यंत धूत राहायचं. पोरी चुळबुळ करायच्या. आयोनी म्हणायची, "घाई असेल तर टोपी घाल आणि चालू लाग."

मर्लीन तिची शाळेपासूनची मैत्रीण. मर्लीनच्या लेकीची धर्ममाताही आयोनीच. मर्लीनला कधी थांबावं लागलं नाही. शनिवारी तळलेले मासे आणि बामी, म्हणजे कंदाच्या पिठाच्या भाकऱ्या, घेऊन यायची, गावभरच्या बातम्या ओतायची आणि केस करून जायची.

लेकीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी ती आली. आयोनीनं केसांत बोटं घातली आणि थबकली. आठ आठवड्यांचे केस बोटाला चिवट लागतात. हे ढिले लागत होते.

"मर्लीन, मध्ये कुठं काही लावून घेतलंस का?"

"मी? तुला सोडून कुठं जाणार गं?"

"मुळं मऊ लागतायत."

"काल ड्रायर मारला घरी. लाव तू. मला अजून केक आणायचाय."

दुसरी कुणी असती तर आयोनीनं आधी एका बटेवर लावून पाहिलं असतं. पण मैत्रिणीची परीक्षा घ्यायची तिला लाज वाटली. बोटं सांगत होती ते सोडून तिनं मर्लीनच्या तोंडावर विश्वास ठेवला.

बेसिनपाशी केस हातात यायला लागले. आधी चार, मग मूठभर. मानेपासून कानापर्यंतचा सगळा भाग उघडा पडला. मर्लीननं आरशात पाहिलं आणि असा टाहो फोडला की गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. "माझंच चुकलं, माझंच चुकलं," आयोनी म्हणत राहिली. मर्लीननं तिला म्हणू दिलं.

लग्नात मर्लीन विग आणि भलीमोठी हॅट घालून मिरवली. चर्चच्या पायऱ्यांवर कुणी विचारलं की सांगायची, "आयोनीचं वय झालं. क्रीम कुठं लागतंय ते दिसत नाही तिला." आयोनी मागेच उभी होती. दोन महिन्यांत व्हरांड्यातल्या खुर्च्या ओस पडल्या. ती गुपचूप डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांना काही झालेलं नाही. तिला ते खरं वाटेना.

मग एके दिवशी बाजारात डेल्सिटा भेटली. ही मेन स्ट्रीटवरच्या नव्या सलूनमधली पोरगी. रताळी निवडता निवडता तिनं अदबीनं विचारलं, "मिस आयोनी, रागावू नका. मिस मर्लीनला लग्नाच्या तीन आठवडे आधी मी क्रीम लावलं होतं. तुम्ही लगेच परत कसं लावलंत?"

आयोनीनं पिशवी तिथंच ठेवली आणि सरळ मर्लीनचं स्वयंपाकघर गाठलं. मर्लीन खारा मासा सोलत होती.

"तीन आठवडे," आयोनी एवढंच म्हणाली.

मर्लीनचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे."

"अगं, त्या पोरीनं नीट सरळ केले नव्हते. तुला सांगितलं असतं तर तू खुर्चीतून उठवलं असतंस. लेकीचं लग्न तोंडावर, मी काय तशीच फिरू?"

"उठवलंच असतं. आज डोक्यावर केस असते तुझ्या."

आयोनीला रडू आलं, आणि रडू आल्याचा जास्त राग आला. "खोटं बोललीस ते बोललीस. पण बेसिनपाशी? चर्चच्या पायऱ्यांवर? मला वाटलं मी तुझं डोकं जाळलं, मर्लीन. केसानं गळा कापलास माझा."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. येत्या रविवारी चर्चमध्ये तूच सांग सगळ्यांना. दुसरं काही मागत नाही मी."

"आणि पोरीच्या सासरचे? तेही त्याच चर्चला येतात. खोटारडी म्हणतील मला. तुझं काय गं, चार महिन्यांत विसरतील लोक."

मर्लीननं हात पुसले, डोक्याचं फडकं सोडलं आणि पाठ वळवून खुर्चीत बसली. मागे बोटभर नवे केस आले होते, घट्ट कुरळे, निरोगी. त्यांच्यामध्ये जळक्या केसांची टोकं लोंबत होती.

"काय करू यांचं?"

केसांचा काय दोष? "वर्षभर क्रीम नको," आयोनी म्हणाली. "एरंडेल तेल लाव. आणि ही जळकी टोकं कापून टाक."

"तूच काप ना. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नाही."

"हे रविवारी सगळ्यांसमोर म्हणशील?"

मर्लीननं फडकं उचललं आणि पुन्हा डोक्याला बांधलं.